शेवटचा नंबर

१० नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीत सुनेच्या, स्नेहलच्या ऑफिसातून डायरी आली. सून म्हणाली, "आई, तुम्हाला हवी तर घ्या, आम्ही सगळं मोबाइलवरच लिहितो." घेतली. मी इथंच बडोद्यात, रावपुऱ्यातल्या मराठी शाळेत पाचवीपर्यंत शिकलेली. अक्षर मोठं येतं, त्यामुळं पान लवकर भरतं. बरंच आहे. मला कुठलंही काम लवकर संपलेलं आवडतं.

सुट्टी संपून आज शर्वरीची शाळा सुरू झाली. नातीला ॲक्टिव्हावर मागं बसवायची, मांजलपुरातून निघून लालबागचा पूल चढायचा, शाळेच्या फाटकाशी सोडायची, येताना भाजी. माझा पृथ्वीराज तोवर मकरपुऱ्याला कंपनीत पोचलेला असतो आणि स्नेहल आरशासमोर. शर्वरीला सोडणं-आणणं माझ्याकडं. या घरात मी फुकट बसून खात नाही, आणि कुणी बसवलं तरी बसणार नाही.

आज पोळ्या करताना परत ते झालं. 'ते'च म्हणते, नाव ठाऊक नाही. भानावर आले तेव्हा तव्यावर पोळीचा कोळसा आणि घरभर धूर. स्नेहल खोकत आली. "आई, लक्ष कुठंय?"

"तुझ्या डब्यात," मी म्हटलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ते कसं असतं, लिहून बघते. ऐकायला कुणाला वेळ नाही आणि सांगत बसायला मला धीर नाही.

आधी पोटातून काहीतरी वर चढतं, जत्रेतला पाळणा खाली येताना चढतं तसं. मग वास येतो, ओल्या पाटीचा. शाळेत फडक्यानं पुसल्यावर यायचा तो. मग सगळं ओळखीचं होऊन जातं. ही कढई, ही खिडकी, कठड्यावरचा कावळा, सगळं एकदा अगदी असंच होऊन गेलेलं. आणि मग मी पाण्यात असते. सूरसागर तलावाच्या तळाशी असेल तसं हिरवं पाणी, पण अंग भिजत नाही. उजेड वरून गाळून घेतल्यासारखा खाली उतरत राहतो. आवाज असतात, पण दुसऱ्या गल्लीतल्या लग्नाचे असावेत असे. आणि माझ्या शेजारी कुणीतरी बसलेलं असतं. कोण ते बघायला मी मान वळवायला लागते. तिथं मान वळायलाच दुपार लागते, आणि वळेपर्यंत मी इथं परत आलेली असते. बाई की पुरुष तेही कळत नाही. एवढंच कळतं, की त्याला कुठं जायचं नाहीये. माझ्यासाठी बसलंय.

माझ्यापाशी असं कुणी बसलेलं मला आठवत नाही. शर्वरीचे आजोबा होते, तेही पायात चप्पल घालूनच बोलायचे.

परत आलं की जीभ लाकडासारखी होते, डोकं जड. पण त्या पाण्याचा गारवा दिवसभर अंगावर राहतो. खरं लिहायचं तर मी त्याची वाट बघते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज स्नेहल अर्धी रजा टाकून मला डॉक्टरांकडं घेऊन गेली. एवढ्या एका पोळीसाठी.

डॉक्टर वरद चांदोरकर. आपले मराठीच, जुन्या दफ्तरदारांच्या घरातले. माणूस वाईट नाही. पण बाहेर बाकांवर ही गर्दी, जसं काही आत प्रसाद वाटतायत. नंबर पुकारणारी मुलगी मला म्हणते, "मासी, बेसो, नंबर आवशे एटले बोलावीश." मी बसले नाही. तिच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले ती उभीच राहिले. शेवटी कंटाळून तिनं मला मध्येच घुसवलं. स्नेहलला लाज वाटली. मला नाही वाटली.

वेळ वाचवायला तिथं एक रीत आहे. पुढच्या नंबरचा माणूस आधीच आत आणून दाराजवळच्या स्टुलावर बसवून ठेवतात. एक उठला की दुसरा खुर्चीत. डॉक्टरांचा हात रिकामा राहत नाही. तर आज स्टुलावर एक धिप्पाड गृहस्थ, मांडीवर एक्स-रेचं पाकीट, कान सुपाएवढे.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत स्नेहल म्हणाली, "चक्कर येते यांना. काम करता करता हरवतात." डॉक्टरांची बोटं टाइप करायला लागली. "उलटी होते? घाम? जेवण वेळेवर आहे?"

आता त्या स्टुलावरच्या परक्या पुरुषासमोर मी काय सांगू? की मी हिरव्या पाण्यात जाते आणि माझ्याशेजारी कुणीतरी येऊन बसतं? नवरा गेलेली बाई मी. मी घरी पोचायच्या आत मांजलपूरभर झालं असतं.

"ॲसिडिटी असेल," मी म्हटलं.

"असू शकते," डॉक्टर म्हणाले. सगळ्यांचंच काम झालं. रक्त तपासायला सांगितलं, चक्करेच्या गोळ्या दिल्या. मी खुर्चीतून पुरती उठलेही नव्हते, तो एक्स-रेवाला मागं येऊन उभा.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

रक्त चांगलं निघालं. माझं रक्त चांगलं असणारच, आम्ही गायकवाडी फौजेतल्यांची माणसं. गोळीनं झोप येते, पण ती साधी झोप. ते पाणी वेगळं.

डाव्या मनगटावर मोठा फोड आलाय. चहा सांडला असेल. असेल म्हणते, कारण सांडलेला आठवत नाही. बाही लांब घेतली.

आज दुपारी गच्चीत कपडे वाळत घालताना आलं. हातात शर्वरीचा शाळेचा शर्ट होता. वर उजेड, खाली उजेड, आणि शर्ट माझ्या हातात इतका हळू हलत होता, की त्याची एकेक सुरकुती उघडलेली मी बघितली. शेजारी ते होतंच. काही बोललं नाही. बोलायची गरज नव्हती. परत आले तर शर्ट खाली पडलेला आणि समोरच्या गच्चीतली बाई माझ्याकडं टक लावून बघत होती. "शुं जुओ छो?" मी विचारलं. ती आत गेली.

३ डिसेंबर, बुधवार

लालबागचा पूल चढताना वास आला. मी मनात म्हटलं, आत्ता नको. पण ते काय कुणाचं ऐकतं?

मग हॉर्न ऐकू आले. पाण्यावरून यावेत तसे, मग एकदम कानात. गाडी कठड्याला घासून उभी होती, माझा एक पाय खाली टेकलेला. मागं टेंपोवाला ओरडत होता, "काकी, मरवुं छे?" शर्वरीनं माझ्या पोटाला घट्ट मिठी मारली होती.

"आजी, तू झोपलीस का? मी केवढ्या हाका मारल्या."

"झोपले नव्हते."

"मग काय खात होतीस? आरशात दिसत होतं, तू चावत होतीस. मला नाही दिलंस."

"थंडीनं दात वाजत होते."

"मम्मीला सांगू?"

"सांग. मग ती तुला रिक्षात पंधरा पोरांच्यात कोंबून पाठवेल. बघ."

ती फाटकाशी उतरली तेव्हा रोजच्यासारखा हात केला नाही. चिडली असेल, खाऊ दिला नाही म्हणून.

गाडी आपोआप कडेला गेली हे बरं झालं. हात सरावलेले आहेत. इतकी वर्षं चालवतेय.

८ डिसेंबर, सोमवार

डॉक्टरांनी परत दाखवायला बोलावलं होतं. स्नेहलला सुट्टी मिळाली नाही, एकटीच गेले. बाहेर एक म्हातारे गृहस्थ होते, पांढऱ्या मिशा, काठी. बळवंतराव म्हणून पुकारलं त्यांना. मी आधीच दारापाशी जाऊन उभी.

"बाई, नंबर माझा आहे," ते म्हणाले.

"तुम्हाला कुठं हजेरी लावायचीय? मला नातीला आणायला जायचंय."

"जा बाई," ते म्हणाले, "जा." आणि माझ्यामागून येऊन स्टुलावर बसले.

"बरं आहे ना आता?" डॉक्टरांनी विचारलं. ते विचारतानाच उत्तर हातात देतात, आपण फक्त हो म्हणायचं. मी हो म्हणणार होते. तेवढ्यात ओल्या पाटीचा वास आला.

आज फार वेळ होते तिथं. एवढा वेळ कधीच नव्हते. पाणी अगदी स्वच्छ झालं होतं. डॉक्टरांचं टेबल, त्यांचे हात, भिंतीवरचं हृदयाचं चित्र, सगळं तळाशी अलगद ठेवल्यासारखं. शेजारचं माणूस इतक्या जवळ की त्याचा श्वास माझ्या श्वासात मिसळलेला. मी मान वळवत होते. वळवत होते. खांद्याची कड दिसायला लागली होती.

"...म्हणजे तेच चालू ठेवा. महिन्यानं या," डॉक्टर पडद्याकडं बघत म्हणत होते. छापलेला कागद माझ्यापुढं आला. मी उठले आणि बाहेर आले. पाय माझे वाटत नव्हते, म्हणून पायरीवर बसले.

थोड्या वेळानं बळवंतराव काठी टेकत आले. गेले नाहीत, माझ्यासमोरच थांबले.

"बाई, एक विचारू? आत तुम्ही कुठं गेला होतात?"

"कुठं म्हणजे? खुर्चीत होते."

"खुर्चीत होतात. पण डॉक्टरांनी दोनदा काहीतरी विचारलं, तुम्ही बघत होतात आणि बघत नव्हतात. तोंड चालू होतं, काही चावावं तसं. आणि हात पदराचा काठ चाचपत होता. मला भीती वाटली."

"तुम्ही तुमचं बघा."

"बघितलं म्हणून तर सांगतोय."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

ते ओशाळले. "तुम्ही उठलात आणि माझा नंबर लागला. दोन मिनिटं मिळतात, बाई. त्यात तुमचं सांगू की माझ्या गुडघ्याचं?"

मी उठून गाडीची किल्ली काढली.

९ डिसेंबर, मंगळवार

काल शर्वरीला घेऊन घरी कशी आले आठवतं. गाडीवरूनच. ते आठवतंय हेच वाईट.

घरी आल्यावर तिला म्हटलं, "पुलावर मी चावत होते ना, कशी, दाखव." तिनं करून दाखवलं. मोठे डोळे उघडे, तोंड चालू, आणि एक हात फ्रॉकचा काठ चाचपत. हाताचं मी तिला विचारलंही नव्हतं.

एवढंसं पोर. माझं तोंड करून माझ्यासमोर उभं राहिलं आणि त्या तोंडात मी नव्हते.

आज तिला रिक्षानं सोडलं. घरी सांगितलं, गाडीचं टायर बसलंय.

११ डिसेंबर, गुरुवार

सगळं लिहिते, आज घाई नाही.

सकाळी दवाखान्यात नाव दिलं. माझा नंबर आला. मी शेजारच्या बाईला म्हटलं, तुम्ही जा. मग पुढच्याला म्हटलं, तुम्ही जा. नंबर पुकारणारी मुलगी उठून माझ्यापाशी आली. "मासी, आज शुं थयुं तमने? तबियत वधारे खराब छे?"

"मला शेवटी जायचंय," मी म्हटलं. "माझ्यामागं स्टुलावर कुणी नको."

ती बघतच राहिली. मग माझं नाव खाली नेलं.

बसून राहणं मला ठाऊक नाही. पहिल्यांदा पाय हलवत बसले. मग पायही थकले. मग माणसं बघितली. एक जण कागदावर लिहून आणलेलं ओठांनी पाठ करत होता, आत गेल्यावर विसरू नये म्हणून. एका बाईनं आत जाताना देवाला करतात तसा उंबऱ्याला हात लावला, आणि बाहेर आली ती नुसती फाइल मिटत. मला वाटायचं मला एकटीलाच ऐकत नाहीत. इथं सगळे घोटभर पाणी प्यायला आलेले आणि ओंजळ धरेपर्यंत नळ बंद. आणि आत तो डॉक्टरही बिचारा नळ सोडतोय-बंद करतोय सकाळपासून. दुपारचं ऊन बाकांवरून सरकत गेलं. एकेक बाक रिकामा झाला. रिकाम्या बाकांवर ऊन बसलं.

मी आत गेले तेव्हा डॉक्टर डबा उघडत होते. त्यांनी झाकण परत लावलं. "बोला, पटकन."

"पटकन नाही होणार."

त्यांनी मान वर केली.

"मागं तुम्हाला मी ॲसिडिटी सांगितली ती खोटी. तुम्ही घाईचे, मी तुमच्याहून घाईची. दोघांनी मिळून खोटं लिहिलं. आता खरं सांगते. तुम्ही लिहू नका, आधी ऐका. जेवायचं असेल तर जेवा."

ते जेवले नाहीत. मी सांगितलं. पोटातलं, पाटीचा वास, पाणी, उजेड, शेजारी बसणारं. सांगताना मलाच वाटलं की हे फार वेडगळ आहे, पण ते हसले नाहीत. मध्ये अडल्यावर नुसतं "मग?" म्हणाले. 'मग' हा शब्द मला इतका मोठा कधी वाटला नव्हता. मनगटावरचा फोड दाखवला. पूल सांगितला.

"हे शेवटचं कधी झालं?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी. इथंच."

"इथं म्हणजे?"

"या खुर्चीत. तुम्ही लिहीत होता. स्टुलावरच्या बळवंतरावांनी बघितलं."

त्यांनी कीबोर्ड बाजूला सरकवला. क्षमा वगैरे मागितली नाही, आणि मागितली असती तर मला आवडलं नसतं. पण चेहरा असा झाला होता जसा पृथ्वीराजचा लहानपणी हातातून काही फुटलं की व्हायचा.

मग म्हणाले, "तुम्ही नातीला गाडीवर घेऊन जाता?"

"हो."

"यापुढं नाही. एकट्यानंही नाही. गॅसपाशी एकट्यानं उभं राहायचं नाही."

"मग तिला शाळेतून कोण आणणार?"

"कुणीही. तुम्ही गाडीवरून नाही."

तोंडावर बोलले. मला तोंडावर बोलणारी माणसं चालतात.

२० डिसेंबर, शनिवार

डोक्याला वायरी लावून तपासणी झाली. मेंदूच्या डॉक्टरांशी बोलून चांदोरकरांनीच मला समोर बसवून सांगितलं. मिरगी आहे. आकडी येऊन पडतात, तोंडाला फेस येतो, तेवढीच मिरगी नसते म्हणे. ही अशीही असते, गपचूप. मेंदूच्या एका कोपऱ्यात ठिणगी उडते आणि वास, पाणी, सगळं तिथून येतं.

"आणि शेजारी बसतं ते?" मी विचारलं.

"तेही."

मला राग आला. कुणाचा ते कळेना. एवढ्या वर्षांनी माझ्यापाशी कुणी निवांत बसलं, आणि ती ठिणगी निघाली.

"गोळीनं जाईल?"

"बहुतेक जाईल. थोडा वेळ लागेल."

"थोडंसं ठेवता येईल का?" माझ्या तोंडून गेलं. "पुलावरचं नको. पोळ्या करतानाचं नको. कधीतरी, दुपारी, बसलेली असताना."

मला वाटलं आता हसतील. त्यांनी पडद्याकडं बघितलं नाही, घड्याळाकडं बघितलं नाही. म्हणाले, "नाही ठेवता येत. आलं असतं तर ठेवलं असतं."

तिथं माझा त्यांच्यावर विश्वास बसला. औषध कळतं म्हणून नाही. गोड खोटं बोलायला अर्धं मिनिट लागलं असतं आणि ते बोलले नाहीत.

संध्याकाळी घरी सांगितलं. टायर बसलं नव्हतं, तेही सांगितलं. पृथ्वीराज म्हणाला, "आई, पुलावर शर्वरी मागं होती?" मी हो म्हटलं. तो उठून बाल्कनीत गेला आणि तिथंच उभा राहिला. स्नेहल म्हणाली, "मीच दवाखान्यात बोलले तुमच्याऐवजी. तुम्हाला बोलूच दिलं नाही."

"तू नसतीस तरी मी ॲसिडिटीच म्हटलं असतं," मी म्हटलं.

पृथ्वीराज आत आला तो अर्ध्या तासानं. माझ्या ताटात पोळी वाढली. स्वतः, हातानं.

२ जानेवारी, शुक्रवार

गोळी सुरू होऊन बरेच दिवस झाले. ते आलेलं नाही. एकदा पोटात वर चढलं, मी सगळं सोडून जमिनीवर बसून राहिले, पण वास आला नाही. दार लोटलेलं दिसावं आणि आपल्याला आत बोलावलेलं नसावं, तसं झालं.

आज सकाळी गोळी हातात धरून खिडकीशी उभी होते. टाकली नाही तोंडात. म्हटलं, एक दिवस. घरात, गादीवर, कुणाला धोका नाही. एकदाच जाऊन मान पूर्ण वळवून यायचं, बघायचं कोण होतं. कोवळं ऊन होतं. गोळी तळहातावर विरघळायला लागली, कडू वास आला.

मागं शर्वरी बूट घालत होती. बुटात तिचं पाऊल पटकन जात नाही, ती प्रत्येक वेळी जमिनीवर टाच आपटते. ठक, ठक. मी तो आवाज ऐकत राहिले. मग गोळी गिळली. अर्धी तळहातालाच चिकटली होती, तीही चाटली.

१६ जानेवारी, शुक्रवार

उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, झालं. दोन दिवस गच्चीत पतंग, उंधियू, कानठळ्या. एकदा एकदम वास आल्यासारखं झालं आणि मी कठडा धरला. कुणीतरी ओल्या फडक्यानं फरशी पुसत होतं. वास म्हणजे नुसता वास. मला थोडं रडू आलं. डोळ्यांत ऊन गेलं म्हणून सांगितलं.

आज शाळा. ठरवलेल्या रिक्षातून मी शर्वरीला सोडायला गेले, आता रोज जाते. गाडीवर ती माझ्या पाठीमागं असायची, वाऱ्यात काय बोलायची देव जाणे. मी 'हं, हं' करायचे. रिक्षात ती शेजारीच. आज पुलावर धुकं होतं. खालचं बडोदं अर्धं बुडालेलं, दिवे तसेच राहिलेले. मी ते बघत होते.

"आजी," ती म्हणाली, "आता तू जातेस का तशी?"

"नाही."

"इथंच आहेस?"

"इथंच आहे."

"मग ऐक." आणि तिनं सुरू केलं. गच्चीतून एक निळा पतंग कापला गेला, तो नीलनं उडवला होता, नील म्हणजे तो वर्गातला, ज्याचे दोन दात नाहीत, आणि तो पतंग चिंचेवर बसला, पण बसल्यावरही त्याची शेपटी हलत होती, म्हणजे त्याला अजून ठाऊक नव्हतं की तो कापलाय. ती मध्येच मागं जायची, परत पहिल्यापासून सांगायची. तिला शेवट सापडत नव्हता. मला ओरडायची सवय आहे, 'पुढं काय ते सांग.' आज नाही ओरडले. तिचं तोंड बघत बसले, मान वळवून, पूर्ण.

रिक्षा थांबली. "मासी, स्कूल आवी गई," रिक्षावाला म्हणाला.

"थांब जरा," मी म्हटलं. "पोरीचं सांगून व्हायचंय."